दमानं घ्यायचं म्हणजे नक्की किती? नोकरी, घर आणि स्वतःचं मोठं काम एकत्र चालवताना आपला वेग कसा काढायचा

माझे आजोबा म्हणजे आईचे वडील सासवडच्या बाजूला शेती करायचे, दोन बैल होते, आणि मे महिन्यात आम्ही नातवंडं गेलो की नांगरट बघायला बांधावर जाऊन बसायचो. दिवस उगवायच्या आत औत जुंपलेलं असायचं आणि दहा-साडेदहाला, म्हणजे बैल अजून नीट चालतायत, अजून तासभर सहज ओढतील असं आम्हाला दिसत असतानाच आबा औत सोडायचे. एकदा मी विचारलं, "आबा, चालतायत की अजून, मग का सोडलं?" तर म्हणाले, "दमल्यावर सोडायचं नसतं बाळा, दमायच्या आधी सोडायचं. दमून सुटलेला बैल उद्या जुवाला मान देत न्हाई."

मी तेव्हा दहा वर्षांची असेन. याचा अर्थ कळायला पुढची तेवीस वर्षं गेली.

तेहतिसाव्या वर्षी मी ठरवलं की जर्मन शिकून टेक्निकल ट्रान्सलेटर व्हायचं. कॉलेजात ए२ (भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांतली दुसरी) झालेलं होतं, पुढे सगळं सुटलं होतं. घर सिंहगड रोडला, नोकरी हिंजवडीत, मुलगा पहिलीत, घरी सासूबाई आणि नवरा. मी काय केलं तर रोज पहाटे चारचा गजर, अडीच तास अभ्यास, शनिवार-रविवारी पाच-पाच तास, म्हणजे आठवड्याला साडेबावीस तास. सात आठवडे केलंसुद्धा, एक दिवस चुकवला नाही. आठव्या आठवड्यात ताप आला, मग खोकला जाईना, आणि मग पुस्तक उघडायचं म्हटलं तरी पोटात गोळा यायला लागला, पुढचे पाच महिने मी पुस्तकांचं कपाट उघडलं नाही. तो सात आठवड्यांचा अभ्यासही त्या पाच महिन्यांत बराचसा पुसला गेला.

नंतर परत सुरू केलं तेव्हा आठवड्याला पाच-सहा तासांच्या वर गेले नाही. सव्वादोन वर्षं लागली पण साधारण साडेपाचशे तास झाले आणि बी२ पास झाले, आणि मधे एकदाही कपाट बंद झालं नाही. हा लेख त्या दुसऱ्या वेळेबद्दल आहे. माझ्या जागी तुमचं सीए असेल, एमपीएससी असेल, कथ्थक असेल, छोटा मसाल्याचा धंदा असेल, पद्धत तीच लागते असं मला मनापासून वाटतं, म्हणून जशी केली तशी पायरी-पायरीनं लिहितेय.

पायरी १: मागचे १४ दिवस लिहून काढा

पुढचं टाइमटेबल आत्ता करायचं नाही. आपण सगळे टाइमटेबल करण्यात हुशार असतो, शाळेपासून रंगीत पेनं घेऊन करत आलोय. आधी दोन आठवडे फक्त जे घडतंय ते लिहायचं, काहीही न बदलता. मी मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचे, किती वाजता उठले, ऑफिसला किती वाजता पोचले, ट्रॅफिकमध्ये किती गेले, स्वयंपाकाला किती, मोबाईलला किती, झोपले कधी. सोबत प्रत्येक तीन-चार तासांनी एक खूण करायची, डोकं ताजं होतं की नव्हतं, एवढंच.

माझा हिशोब असा निघाला. आठवड्याचे तास १६८. झोप रोज सात तास धरली तर ४९ (पहाटे चारच्या काळात मी पाच तासच झोपत होते, ते इथेच कळलं). ऑफिस ४५. येणं-जाणं १३. स्वयंपाक, घर, मुलाचा अभ्यास, सासूबाईंचं दवाखाना-औषध मिळून ३५. राहिले २६. त्यातून जेवण, अंघोळ, फोन, पाहुणे, बँकेची कामं यांत बारा जातातच. राहिले १४. आणि या चौदातले निम्मे मी हातच लावायचे नाहीत असं ठरवलं, कारण ज्या आठवड्यात मूल आजारी पडतं किंवा गावाकडून कोणी येतं त्या आठवड्यात ते निम्मे कुठून तरी यावे लागतात. म्हणजे माझ्याकडे खरे ७ तास होते आणि मी साडेबावीस तासांचा प्लॅन केला होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे पैशाला लावायला आपल्याला सगळ्यांनी शिकवलं, वेळेला लावायला कोणी शिकवलं नाही.

ताजेपणाच्या खुणा जास्त महत्त्वाच्या निघाल्या. मला वाटायचं मी सकाळची माणूस आहे, पण चौदापैकी दहा दिवस माझं डोकं रात्री साडेनऊ ते साडेदहा सगळ्यात शांत होतं. पहाटेला फक्त अपराधी भावनेनं उठत होते, कारण मोठं काम करणारी माणसं पहाटे उठतात असं लहानपणापासून ऐकलेलं. तुमचं उलटं असू शकेल, दुपारचा डबा खाल्ल्यावरचा अर्धा तास असेल, लोकलमधली विंडो सीट असेल. वही सांगेल तेच खरं धरा.

पायरी २: तळ ठरवा, आणि छत तर नक्कीच ठरवा

तळ म्हणजे अगदी वाईट आठवड्यातसुद्धा होईल एवढं काम. हा आकडा तुमच्या चांगल्या आठवड्याकडे बघून ठरवायचा नाही, मागच्या वर्षीचा सगळ्यात वाईट आठवडा आठवायचा, घरात कोणीतरी ॲडमिट होतं किंवा ऑफिसमध्ये रिलीज होता तो, आणि विचारायचं की त्या आठवड्यात मला खरंच किती जमलं असतं. माझं उत्तर आलं रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. ऐकायला अगदीच कमी वाटतं, मलाही लाज वाटली होती हा आकडा लिहिताना. पण विसरण्याचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच दाखवून दिलंय की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं आणि एका बैठकीत कोंबण्यापेक्षा दिवसांमध्ये विभागून उजळणी केली तर कमी कष्टात टिकतं. भाषेला तर हे फारच लागू आहे, der, die, das (जर्मन नामाआधी लिंगाप्रमाणे लागणारे शब्द) ऐवजी मी देर, दी, दास असं देवनागरीत लिहिलेल्या चिठ्ठ्या भांडी घासायच्या ओट्यावर चिकटवल्या होत्या, पंधरा मिनिटांतली पाच तिथेच व्हायची.

छत म्हणजे यापेक्षा जास्त करायचं नाही. हे लोकांना पटत नाही, माझ्या नवऱ्यालाही पटलं नव्हतं, तो म्हणाला, "जोर आहे तर कर ना, थांबतेस कशाला?" पण आबांचं बैल सोडणं म्हणजे हेच. माझं छत होतं एका बैठकीला ७५ मिनिटं. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. अर्धं सोडलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी स्वतःहून ओढून आणतं हा त्याचा फायदा, पण मुख्य गोष्ट अशी की ज्या रात्री मी जोरात येऊन दोन-अडीच तास केले त्याच्या पुढचे दोन दिवस वहीत कोरे आहेत, हे मला पहिल्या तीन महिन्यांतच दिसलं. उसनं घेतलेलं होतं ते, व्याजासकट गेलं.

पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर १९९३ मध्ये एरिक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातले सगळ्यात चांगले वादकसुद्धा दिवसाला एकट्यानं सरासरी साडेतीन तासांच्या आसपासच सराव करत होते, तोही तुकड्या-तुकड्यांनी, आणि दुपारी झोप काढत होते. ही विशीतली मुलं, यांना हिंजवडीचा सिग्नल नाही की पोळ्या लाटायच्या नाहीत. मग ऑफिस करून आलेल्या माणसानं रात्री चार तासांची अपेक्षा स्वतःकडून का ठेवायची?

तळ आणि छत यांच्या मधे रोज कुठेही असलात तरी तो दिवस पूर्ण धरायचा. पंधरा मिनिटं झाली, दिवस झाला. मनात अर्धा मार्क कापायचा नाही.

पायरी ३: बोलता येतंय का ते बघा

वेग बरोबर आहे का हे कळायची एक साधी खूण आहे आणि ती पळणाऱ्यांना माहीत असते, पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग टिकणारा आहे, दोन शब्दांवर धाप लागत असेल तर नाही. आपल्याकडे याच्याही आधीपासून वारी आहे. मी २०२३ ला पुणे ते सासवड एक दिवस दिंडीबरोबर चालले आणि तेव्हा लक्षात आलं की ही माणसं चालताना अभंग म्हणतायत, टाळ वाजवतायत, म्हणजे वेग असा आहे की ज्यात गाता येतं. सत्तरीच्या मावशी डोक्यावर तुळस घेऊन माझ्या पुढे होत्या आणि मी, स्पोर्ट्स शूज घातलेली, दिवे घाटाच्या पायथ्याशी मागे पडले होते, कारण सकाळी उत्साहात मी दिंडी सोडून पुढे-पुढे चालत गेले होते.

अभ्यासात "गाता येणं" म्हणजे काय, तर मी तीन गोष्टी बघते. पुस्तक मिटल्यावर आज काय वाचलं ते मुलाला तीन वाक्यांत सांगता येतंय का. घरात कोणी हाक मारली तर मी "आले" म्हणते की खेकसते. आणि उद्या परत बसायचंय हा विचार आल्यावर छातीवर ओझं येतं का. तीनपैकी दोन बिघडल्या आणि आठवडाभर तशाच राहिल्या तर त्या आठवड्यात सरळ तळावर यायचं, चर्चा नाही.

इथे एक गंभीर गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन केलं ते नोकरीतल्या, नीट न सांभाळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था असं, आणि त्याच्या तीन खुणा सांगितल्या, शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. तिसरी खूण फसवी आहे, कारण ती आली की आपण जास्त जोर लावतो. मी लावला होता. तुमची झोप उडाली असेल, रडू येत असेल, जेवण जात नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा, वेगाचं गणित नंतर करता येतं.

पायरी ४: वर्ष वारीसारखं टप्प्यांत बांधा

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला.

माऊलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला साधारण अडीचशे किलोमीटर जाते आणि त्याला जवळजवळ वीस दिवस लागतात. भागाकार केला तर रोज बारा-तेरा किलोमीटर येतात, पण वारी भागाकारानं चालत नाही. पुण्यात दोन मुक्काम. मग पुणे ते सासवड, सगळ्यात मोठा टप्पा, सुमारे तीस किलोमीटर, त्यात दिवे घाटाची चढण, आणि तिथीप्रमाणे तो दिवस बहुतेक वेळा एकादशीचा म्हणजे उपासाचा. आणि मग सासवडला परत दोन मुक्काम. म्हणजे सगळ्यात अवघड दिवसाच्या आधी विश्रांतीचा दिवस आहे आणि नंतरही आहे. पुढे लोणंद ते तरडगाव असा अगदी छोटा टप्पाही आहे, ज्यात चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं. अवघड दिवस, मोकळा दिवस, आनंदाचा दिवस, हे सगळं आधीच आखलेलं आहे आणि शेकडो वर्षांच्या चालण्यातून ते मुरलेलं आहे.

मी हेच कॅलेंडरवर केलं. भिंतीवरचं साधं कॅलेंडर घ्या, तीन रंगांची पेन्सिल. आधी तुमचे घाट शोधा, म्हणजे जे महिने तसेही जड जाणार आहेत ते. माझ्याकडे मार्च, कारण ऑफिसचं इयर एंड आणि मुलाची वार्षिक परीक्षा एकत्र येतात. गणपतीचे दिवस, कारण आमच्याकडे पाच दिवसांचा असतो आणि घर भरलेलं असतं. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे. या दिवसांत जर्मन फक्त तळावर, आणि गणपतीत तर शून्य, ठरवून शून्य. आधी मी गणपतीतही वही घेऊन बसायचे आणि ना धड अभ्यास व्हायचा ना धड आरतीला मन लागायचं.

मग परीक्षेसारखे तुमच्या कामातले घाट टाका, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मुक्काम लिहा. परीक्षेच्या आधी एक पूर्ण रिकामा दिवस आणि नंतर पूर्ण एक आठवडा. हा नंतरचा आठवडा लोक विसरतात. पेपर झाला की दुसऱ्या दिवशी पुढची लेव्हल सुरू, असं करणारी माझ्या बॅचमधली दोघंजणं सी१ च्या पहिल्या महिन्यातच सोडून गेली, दोघंही माझ्यापेक्षा हुशार होती.

मोठा घाट फोडता येतो का तेही बघा. गोएथे इन्स्टिट्यूटची बी२ परीक्षा चार मॉड्यूलची असते, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं, प्रत्येकाला १०० पैकी ६० लागतात आणि मॉड्यूल सुटं देता येतं. मी आधी वाचन आणि ऐकणं दिलं, चार महिन्यांनी लेखन आणि बोलणं. फी थोडी जास्त गेली पण मी दोन्ही वेळा माणसात होते. सीए करणाऱ्यांना एकच ग्रुप द्यायचा की दोन्ही हा प्रश्न असतोच, तिथेही नोकरी करत असाल तर हा विचार नीट करा, फक्त "सगळे दोन्ही देतायत" म्हणून देऊ नका.

पायरी ५: धावा कधी करायचा ते आधीच ठरवा

वारीत पळतातसुद्धा. माळशिरस सोडल्यावर वेळापूरच्या अलीकडे एक उतार आहे तिथे वारकरी धावत सुटतात, त्याला धावाच म्हणतात. तुकोबांना तिथून पंढरपूरच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत निघाले असं सांगतात. बघा, धावा आहे, पण तो शेवटाकडे आहे, उतारावर आहे आणि ठरलेल्या जागी आहे. आळंदीतून निघताना कोणी धावत नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो तसं आपण पहिल्याच आठवड्यात धावतो.

माझा नियम असा की जोराचा काळ जास्तीत जास्त तीन आठवडे, शेवटची तारीख आधी लिहायची, आणि सुरू करायच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत: या तीन आठवड्यांत घरातलं कोणतं काम कोण करणार, मी काय सोडणार, आणि संपल्यावर विश्रांती कधीपासून कधीपर्यंत. पहिल्या प्रश्नाला "बघू" हे उत्तर असेल तर धावा करायचा नाही. बी२ च्या वेळी मी तीन आठवडे पोळ्यांना मावशी लावल्या, मुलाची शाळेची तयारी नवऱ्यानं घेतली, आणि लग्नाची दोन आमंत्रणं आम्ही फोनवरून शुभेच्छा देऊन संपवली. एका चुलत सासूबाईंना राग आला होता. तो राग मी धरून चाललेल्या किमतीतच होता.

झोपेला मात्र धाव्यातही हात लावायचा नाही. सातचे सहा नाही करायचे. माझी पहिली वेळ तिथेच बुडाली.

पायरी ६: घरच्यांना नीट सांगा, गृहीत धरू नका

बायकांना हे जास्त लागतं म्हणून लिहिते, पण पुरुषांनीही वाचा. मी पहिल्या वेळी कोणालाच काही सांगितलं नव्हतं, कोणाला त्रास नको म्हणून पहाटे उठत होते आणि आतून मात्र धुमसत होते की यांना कसं दिसत नाही. दिसणार कसं, सगळे झोपलेले होते!

दुसऱ्या वेळी मी एका रविवारी चहा झाल्यावर सासूबाईंजवळ बसले आणि म्हटलं, "आई, मला रोज रात्री साडेनऊ ते पावणेअकरा लागणार आहे, दोन वर्षं तरी. त्या वेळात मी घरी नाहीये असं समजा." त्या जरा गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "दूध कोण तापवून ठेवणार?" मी म्हटलं, "ते नऊला मी करून ठेवते." म्हणाल्या, "मग ठीक आहे." एवढंच. मी सहा महिने ज्या बोलण्याला घाबरत होते ते एका दुधावर संपलं. लोकांना तुमच्या स्वप्नाला विरोध क्वचित असतो, त्यांचं एखादं छोटं काम अडेल याची काळजी असते, तेव्हा नेमकी वेळ, नेमका काळ आणि अडणाऱ्या कामाचं उत्तर घेऊन बोला.

मुलाला मी घड्याळ दाखवलं, मोठा काटा नऊवर आला की आई मोकळी. आणि तो काटा तिथे आला की मी खरंच उठायचे, कारण एकदा जरी "पाच मिनिटं थांब" म्हटलं असतं तर पुढच्या वेळी त्यानं काट्यावर विश्वास ठेवला नसता. छत पाळायला मला त्यानंच सगळ्यात जास्त मदत केली.

ऑफिसमध्ये सगळं सांगायची गरज नाही. मी फक्त रात्री नऊनंतर फोन सायलेंट ठेवायला लागले आणि टीमला सांगितलं की खरंच पेटलंय तर दोनदा कॉल करा. वर्षभरात दोनदा कॉल चार वेळा आला.

पायरी ७: दिवस बुडाला तर बुडाला

बुडालेला अभ्यास भरून काढायचा नाही. हा नियम मला सगळ्यात अवघड गेला. सोमवारची ४५ मिनिटं मंगळवारी घालायची, मग मंगळवारी नव्वद होतात, ती होत नाहीत, बुधवारवर एकशे पस्तीस येऊन बसतात, आणि गुरुवारी माणूस सोडून देतो. दिंडीत एखाद्याचा पाय सुजला तर तो सामानाच्या ट्रकमध्ये बसून पुढच्या मुक्कामाला जातो आणि सकाळी सगळ्यांबरोबर परत चालायला लागतो, राहिलेले कोस रात्री एकटा चालत बसत नाही, आणि त्याची वारी मोडली असं कोणी म्हणत नाही. तसं करा, जिथे बाकीचे आहेत तिथून धरा.

फक्त एक बघायचं, सलग तीन दिवस तळसुद्धा झाला नाही तर चौथ्या दिवशी वही घेऊन का झाला नाही ते एका ओळीत लिहायचं. माझ्या वहीत अशा अकरा ओळी आहेत सव्वादोन वर्षांत. त्यातल्या सहा आजारपणाच्या आहेत, तीन ऑफिसच्या, एक भावाशी झालेल्या भांडणाची, आणि एक अशी, "कंटाळा आला, देवाशप्पथ फक्त कंटाळा." त्या आठवड्यात मी व्याकरण बाजूला ठेवून जर्मन रेसिपीचे व्हिडिओ बघितले आणि बटाट्याचं सॅलड केलं, घरी कोणाला आवडलं नाही, मला आवडलं.

पायरी ८: सहा आठवड्यांनी वेग परत मोजा

एकदा ठरवलेला वेग कायमचा नसतो, मुलं मोठी होतात, नोकरी बदलते, आईवडिलांचं वय होतं. दर सहाव्या रविवारी वहीची पानं उलटायची आणि एवढंच बघायचं: किती दिवस तळ झाला, छत किती वेळा मोडलं, पुढे सरकलेय का (सहा आठवड्यांपूर्वी न कळणारा उतारा आज कळतोय का). तीसपैकी (आठवड्याला पाच दिवस धरून) पंचवीस-सव्वीस दिवस तळ होत असेल आणि डोकं ताजं असेल तर वेग वाढवा, पण दहा-पंधरा मिनिटांनीच, आणि पुढचे सहा आठवडे तोच ठेवा. तळ वीसच्या खाली गेला असेल तर इच्छाशक्ती कमी पडली असं समजू नका, आकडा चुकलाय, तो खाली आणा.

मोजताना शेजारच्याकडे बघायचं नाही. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीनं सहा महिन्यांत बी१ चं बी२ केलं, मी चार दिवस अस्वस्थ होते, नंतर कळलं तिनं नोकरी सोडली होती आणि माहेरी राहात होती. तिनं चूक केलं असं अजिबात नाही, तिचा रस्ता सपाट होता आणि ती पळाली, छानच. मी ग्रुप म्यूट केला, फक्त रविवारी उघडते.

हे कोणाला असंच्या असं लागू होणार नाही

ज्यांच्या मागे वयाची किंवा अटेम्प्टची घंटा आहे त्यांनी माझे आकडे उचलू नयेत. यूपीएससीला खुल्या प्रवर्गात ३२ वर्षांपर्यंत सहा अटेम्प्ट मिळतात, एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या गटाची मर्यादा ३८ आहे, आणि २०२५ पासून मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झालीये, नऊ पेपर, लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण. एवढा डोंगर आठवड्याला सहा तासांत होत नाही आणि होतो असं मी सांगणारही नाही. तुमच्यासाठी प्रश्न उलटा आहे: दिवसाचे सात-आठ तास किती वर्षं द्यायचे, त्या वर्षांचा खर्च कोण करणार आणि कोणत्या तारखेला थांबून दुसरा रस्ता धरायचा, हे सुरुवातीलाच घरच्यांसमोर लिहून ठेवा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत माझा मावसभाऊ पाच वर्षं होता, त्याचं म्हणणं असं की अभ्यासानं तो कधी दमला नाही, शेवट माहीत नसण्यानं दमला. पण तळ, छत, झोप आणि घाटाच्या दोन्ही बाजूंचे मुक्काम त्यालाही लागलेच असते असं तोच म्हणतो.

आणि ज्यांच्याकडे खरंच सात तासही नाहीत, दोन शिफ्ट करणारे, घरात एकट्यानं आजारी माणसाचं करणारे, त्यांना मी वेळ काढा असं म्हणणार नाही. तिथे पहिलं काम अभ्यासाचं नाहीच, कुणाकडून तरी आठवड्याला दोन तास मागून घेण्याचं आहे, बहिणीकडून, शेजारणीकडून, जमत असेल तर पैसे देऊन. ते दोन तास मिळाले की पायरी १ ला या.

माझं आत्ताचं सांगते. सी१ सुरू आहे, आठवड्याला पाच तास, तळ वीस मिनिटं, छत अजूनही ७५. दोन छोटी भाषांतराची कामं मिळाली, एक पंपाचं मॅन्युअल होतं, ते मी दिवाळीनंतर घेतलं, आधी घेतलं नाही. मुलगा आता चौथीत आहे आणि रात्री पावणेअकराला तो जागा नसतो, त्यामुळे काटा बघायचं काम माझं मलाच करावं लागतं, ओट्यावरच्या चिठ्ठ्यांच्या शेजारी मी एक गजर ठेवलाय.